इंजिनाचा दिवा लागतो, पण इंजिन हलत नाही: मॉडेल रेल्वेच्या डीसीसी डिकोडरमधील दोष कसे शोधावेत?

लोहमार्गी, पुणे

नमस्कार मंडळी. एका छंदी मित्राकडून मॉडेल रेल्वेचे, एचओ मापाचे (खऱ्याच्या १/८७ आकाराचे), सहा आसांचे एक वापरलेले डिझेल इंजिन नुकतेच विकत घेतले. त्यातील आठ पिनांच्या सॉकेटमध्ये डीसीसीचा, म्हणजे रुळांतून अंकी संदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळे चालवण्याच्या पद्धतीचा, डिकोडर (ते संदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारी पाटी) आधीच बसवलेला आहे. माझ्याकडे आर्डुइनो या छोट्या संगणकीय पाटीवर बांधलेले डीसीसी-ईएक्सचे कमांड स्टेशन (रुळांवर संदेश पाठवणारे यंत्र) असून लॅपटॉपवर ते चालवण्यासाठी जेएमआरआय ही प्रणाली आहे, आणि घरातील इतर इंजिने त्यावर व्यवस्थित धावतात. या इंजिनाची अडचण अशी आहे की इंजिनाचा पत्ता (ओळखक्रमांक) ३ निवडून दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की विझतो, मात्र वेग कितीही वाढवला तरी इंजिन जागचे हलत नाही आणि मोटरची गुणगुणही ऐकू येत नाही. विकणाऱ्या मित्राच्या म्हणण्यानुसार त्याच्या मांडणीवर ते उत्तम धावत होते. ज्या दुकानात दाखवले तेथे “डिकोडरची मोटरची बाजू जळाली आहे, नवा बसवा” असा निकाल मिळाला. नवा डिकोडर परदेशातून मागवायचा तर किंमत, टपाल आणि सीमाशुल्क मिळून बरीच रक्कम होते, म्हणून त्याआधी येथे विचारत आहे.

भुसावळ_शेड

दुकानदारांनी डिकोडर तपासून हा निकाल दिला की लक्षण ऐकून, हे कळले नाही. “दिवा लागतो, मोटर फिरत नाही, म्हणून मोटरची बाजू गेली” हे अनुमान वरवर पाहता सरळ वाटते, पण त्याच लक्षणाला आणखी किमान तीन कारणे असू शकतात आणि त्यांपैकी दोन फुकटात दुरुस्त होतात. कृपया या गोष्टी पाहून सांगा. दिवा लावून दिशा उलटी केली तर पुढचा दिवा विझून मागचा लागतो का? प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरची मांडणी वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही, म्हणजे डिकोडरमध्ये साठवलेले मांडणीचे क्रमांकित आकडे, वाचता येतात का, आणि वाचत असताना इंजिन किंचित थरथरते का? डिकोडर काढून त्याच्या जागी डमी प्लग (रुळांची वीज थेट मोटरला जोडणारा प्लग) लावला, तर साध्या १२ व्होल्ट डीसीवर इंजिन धावते का?

सोल्डरगन, ठाणे

इतक्या चौकशीची गरज नाही असे माझे मत आहे. सीव्ही ८ मध्ये ८ लिहा, वीज बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक उत्पादकांचे डिकोडर याने मूळ स्थितीत येतात आणि निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

भुसावळ_शेड

मिटतात हे खरे आहे, परंतु कारण कळत नाही. डिकोडरमध्ये आधीच्या मालकाने काय लिहून ठेवले आहे हाच आपल्या हातातील एकमेव पुरावा असतो आणि रीसेट केले की तो पुसला जातो. शिवाय ध्वनीच्या डिकोडरमध्ये दिवे, आवाजाची पातळी, फंक्शनच्या जोडण्या हे सारे बसवण्यात कोणाचे तरी अनेक तास गेलेले असू शकतात. आधी वाचावे, वाचलेले जेएमआरआयमध्ये साठवून ठेवावे आणि मगच काय पुसायचे ते ठरवावे. शिवाय प्रत्येक उत्पादकाची रीसेटची पद्धत एकच असते असेही नाही. काहींना सीव्ही ८ मध्ये वेगळा आकडा लागतो, तर काहींना वेगळा सीव्ही, म्हणून त्या डिकोडरची पुस्तिका पाहिल्याशिवाय तिकडे वळूच नये.

लोहमार्गी, पुणे

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. डमी प्लग लावून साध्या डीसीवर इंजिन दोन्ही दिशांना छान धावते. डिकोडर परत बसवून दिवा लावला आणि थ्रॉटलवर (वेग आणि दिशा ठरवणाऱ्या नियंत्रकावर) दिशा बदलली, तेव्हा काहीच बदलले नाही. एकाच बाजूचा दिवा लागून राहतो. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचन पहिल्याच प्रयत्नात झाले आणि प्रत्येक वेळी इंजिनाला बारीक हिसका बसताना दिसला. सीव्ही १ मध्ये ३, सीव्ही २९ मध्ये ६ आणि सीव्ही १९ मध्ये १४० आहे. बाकीची यादी जेएमआरआयमध्ये साठवली आहे.

भुसावळ_शेड

आपला डिकोडर शाबूत आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण हीच तर्कपद्धती इतर दोषांनाही लागू पडते.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर उत्तर कसे देतो ते आधी पाहू. रुळांवरून कमांड स्टेशनकडे शब्दांत काही परत पाठवण्याची सोय मूळ मानकात नाही. त्यामुळे कमांड स्टेशन एकेक प्रश्न विचारते आणि उत्तर “होय” असेल तर डिकोडर सुमारे ६ मिलिसेकंदांसाठी किमान ६० मिलिअँपिअर जास्तीचा प्रवाह ओढतो. बहुतेक डिकोडर हा प्रवाह मोटरमधूनच ओढतात. आपल्याला दिसलेला हिसका तोच. म्हणजे मोटर, तिच्या दोन्ही वायरी आणि डिकोडरमधील मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर हे सारे जिवंत आहेत. मोटरची बाजू जळालेली असती, तर वाचन इतक्या सहज झालेच नसते.

आता दिव्याची खूण पाहा. डीसीसीमध्ये वेग आणि दिशा एकाच संदेशातून जातात, तर दिव्याचे बटण आणि इतर फंक्शन वेगळ्या संदेशातून जातात. आपला डिकोडर दुसऱ्या प्रकारचा संदेश ऐकतो, पण पहिल्या प्रकारच्या संदेशातील वेगही मानत नाही आणि दिशाही मानत नाही. केवळ मोटरची बाजू निकामी झाली असती, तर इंजिन हलले नसते, पण दिवे तरी दिशेप्रमाणे बदलले असते. याचा अर्थ डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेला वेगाचा संदेश जाणूनबुजून सोडून देत आहे, आणि तसे करण्याचे नेहमीचे कारण एकच असते: तो कन्सिस्टमध्ये, म्हणजे एकत्र धावणाऱ्या इंजिनांच्या जोडीत, नोंदवलेला आहे.

कन्सिस्टचा पत्ता सीव्ही १९ मध्ये असतो. तेथे शून्याखेरीज काही असेल, तर इंजिन वेग आणि दिशा यांसाठी फक्त त्या पत्त्याचे ऐकते. आपल्या १४० या आकड्यातील १२८ ही उलट्या तोंडाने जोडल्याची खूण आहे आणि उरलेले १२ हा पत्ता आहे. आपल्या मित्राने हे इंजिन १२ क्रमांकाच्या जोडीत मागच्या बाजूला, उलटे तोंड करून लावलेले असावे. त्याच्याकडे ते उत्तम धावत होते यात काहीच नवल नाही. सीव्ही १९ मध्ये ० लिहा.

लोहमार्गी, पुणे

० लिहिले आणि इंजिन लगेच धावू लागले, दिवेही दिशेप्रमाणे बदलतात. मित्रालाही विचारले, दोन इंजिनांची मालगाडी तो याच पत्त्यावर चालवत असे. मनापासून आभार.

आता एक नवीन प्रकार समोर आला आहे. एका सांध्यावरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जागेवरून) जाताना कधी कधी क्षणभर शॉर्ट होतो, कमांड स्टेशन वीज तोडते आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा जोडते. त्यानंतर बाकीची इंजिने जागेवर थांबून राहतात, पण हे एकटे पूर्ण वेगाने सुटते आणि थ्रॉटलला जुमानत नाही. एकदा टेबलाच्या कडेपर्यंत गेले होते.

न्यूजर्सीकर

याचे उत्तर आपण आधी दिलेल्या आकड्यांमध्येच आहे. सीव्ही २९ हा अनेक खुणा एकत्र बांधलेला आकडा आहे. त्यात १ म्हणजे उलटी दिशा, २ म्हणजे वेगाचे २८ किंवा १२८ टप्पे (वेगपायऱ्या), ४ म्हणजे साध्या डीसीवर चालण्याची मुभा, ८ म्हणजे रेलकॉम (डिकोडरने माहिती परत पाठवण्याची नंतरची सोय), १६ म्हणजे स्वतंत्र वेगतक्ता आणि ३२ म्हणजे लांब पत्ता. आपल्याकडील ६ म्हणजे ४ अधिक २. शॉर्टनंतर वीज परत येते त्या क्षणी डिकोडरला ओळखीचा डीसीसी संदेश वेळेत मिळाला नाही, तर हा रूळ साध्या डीसीचा आहे असे तो समजतो. आणि डीसीच्या नियमाने पाहिले तर रुळांवर पूर्ण व्होल्टेज असणे याचा अर्थ पूर्ण वेग असाच होतो. त्यातून ४ वजा करून सीव्ही २९ मध्ये २ लिहा. आपली मांडणी पूर्णपणे डीसीसीवर असेल, तर ही मुभा कोणत्याही इंजिनात ठेवण्याचे कारण नाही.

मात्र यामुळे सांध्यावरचा शॉर्ट बरा होणार नाही, तो वेगळा शोधावा लागेल. चाकांच्या जोडीतील अंतर कमी झालेले असणे किंवा धातूच्या फ्रॉगजवळ (सांध्यातील दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाजवळ) चाकाची रुंद कड एकाच वेळी दोन्ही विद्युतबाजूंना टेकणे ही नेहमीची कारणे आहेत. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेचे चाकांचे मापक मिळाले तर सर्व चाके एकदा त्यात घालून पाहा.

सीव्ही २९ चा विषय निघालाच आहे, तर त्याच जातीचा आणखी एक फसवा दोष सांगतो. वेग एकेका पायरीने वाढवताना पुढचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि माणूस वायरचा सैल टाका शोधत बसतो. टाका पक्का असतो. जुन्या १४ पायऱ्यांच्या पद्धतीत दिव्याची खूण वेगाच्या संदेशातच असायची. २८ पायऱ्यांच्या पद्धतीत तीच जागा वेगाच्या मधल्या पायरीसाठी वापरली गेली. कमांड स्टेशन २८ पायऱ्या पाठवत असेल आणि डिकोडर १४ समजून वाचत असेल, तर वेगाची प्रत्येक पायरी त्याला दिव्याचा हुकूम वाटते. दोन्ही बाजू एकाच पद्धतीवर आणल्या की हा खेळ थांबतो.

दादर_जलद

माझी तक्रार याहून गंभीर आहे. सॉकेट नसलेल्या, धातूच्या चासीच्या जुन्या इंजिनात मी एका कारागिराकडून डिकोडर वायरी झाळून बसवून घेतला. रुळांवर ठेवताच जळका वास आला आणि डिकोडरवरचे वेष्टन एका ठिकाणी तपकिरी झाले. कारागीर म्हणतो की डिकोडरच मुळात सदोष होता. आता दुसरा बसवण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

भुसावळ_शेड

हा डिकोडर गेला असे मीही म्हणेन, पण तो मुळात सदोष होता यावर विश्वास ठेवणे मला जड जाते. जुन्या डीसी इंजिनांमध्ये मोटरचा एक कार्बन ब्रश चासीला जोडलेला असतो आणि चासी एका बाजूच्या चाकांना जोडलेली असते. डीसीसाठी ती सोय होती, कारण एक वायर वाचत असे. डीसीसीमध्ये रुळातील वीज आधी डिकोडरमध्ये गेली पाहिजे आणि मोटरपर्यंत फक्त डिकोडरमार्फत पोचली पाहिजे. एकही ब्रश थेट रुळाशी जोडलेला राहिला, तर डिकोडरचे मोटरचे टोक आणि रुळाची वीज समोरासमोर येतात आणि ट्रान्झिस्टर क्षणात जातात. जोडणीत ही चूक राहिली असेल, तर कोणत्याही कंपनीचा डिकोडर वाचणार नाही.

त्यामुळे नवा डिकोडर पाकिटातून बाहेर काढण्यापूर्वी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (जोडणी असेल तर बीप देणाऱ्या स्थितीवर) ठेवा. मोटरच्या एका टोकाला एक काडी लावा आणि दुसरी काडी डाव्या चाकांना, उजव्या चाकांना, चासीला अशी सर्वत्र टेकवा. बीप कोठेही वाजता कामा नये. दुसऱ्या टोकासाठी पुन्हा तेच करा. हे करताना जुन्या वायरी मोटरपासून सोडवलेल्या हव्यात. सर्वांत फसवी जागा म्हणजे मोटर चासीला धरून ठेवणारा स्क्रू किंवा पत्र्याची पट्टी, कारण इंजिन उघडे असताना सारे ठीक दिसते आणि वरचे कवच दाबून बसवले की तीच पट्टी ब्रशच्या टोपीला टेकते. म्हणून तीच तपासणी कवच बसवल्यावर आणखी एकदा करावी. पट्टीखाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीचा) तुकडा आणि धातूच्या स्क्रूऐवजी नायलॉनचा स्क्रू एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

त्यानंतर मोटरचा अडलेल्या स्थितीतील प्रवाह मोजा. इंजिनाला १२ व्होल्ट डीसी द्या, मीटर अँपिअरवर लावून मालिकेत जोडा आणि चाके क्षणभर बोटांनी घट्ट रोखून आकडा वाचा. फार वेळ धरून ठेवू नका, मोटर तापते. एचओचे सर्वसाधारण डिकोडर सलग १ अँपिअरच्या आसपासचे असतात आणि तेवढे आजच्या मोटरींना पुरते, पण काही दशकांपूर्वीच्या उघड्या मोटरी अडल्या की त्याहून बरेच जास्त ओढतात. तसे दिसले, तर मोठा डिकोडर घेण्यापेक्षा मोटर बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

मोटरवर रेडिओ-टीव्हीचा खरखराट रोखण्यासाठी लावलेला छोटा कपॅसिटर असेल तर तोही काढून टाका. आजचे डिकोडर मोटरला उच्च वारंवारतेचे स्पंद देतात आणि स्पंदांच्या मधल्या क्षणी मोटरने उलट निर्माण केलेले व्होल्टेज मोजून वेग स्थिर राखतात. हा कपॅसिटर त्या मोजणीत गोंधळ करतो आणि इंजिन मंद वेगात धक्के देत चालते.

सोल्डरगन, ठाणे

भुसावळ_शेड यांनी वर माझा रीसेट अडवला होता, पण येथे ते म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. भर एवढीच घालतो की वायरींचे रंग पाठ असावेत. लाल म्हणजे उजवा रूळ, काळा म्हणजे डावा रूळ, नारिंगी आणि करडा या मोटरच्या वायरी, पांढरा पुढचा दिवा, पिवळा मागचा दिवा आणि निळा म्हणजे सर्व दिव्यांचे सामाईक धन टोक. निळी वायर चासीला जोडणारे कारागीर मी पाहिले आहेत, कारण मोटारगाडीच्या वायरिंगमध्ये सामाईक टोक बॉडीलाच जाते. डीसीसीत असे मुळीच करू नये. एलईडीला १ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावल्याशिवाय वीज देऊ नये, हेही ओघाने आलेच.

आठ पिनांचा प्लग उलटा बसला तर मात्र घाबरू नये. त्या प्लगची रचनाच अशी आहे की उलटा बसवल्यावर रुळांच्या दोन वायरी आपापसात बदलतात, मोटरच्या दोन वायरी आपापसात बदलतात, आणि निळी वायर पहिल्या फंक्शनच्या जागी जाते. इंजिन उलट दिशेने धावते आणि दिवे लागत नाहीत, एवढेच. ही जोडी एकत्र दिसली की सीव्हींकडे न जाता आधी प्लग फिरवून पाहावा.

न्यूजर्सीकर

दादर_जलद यांनी नवा डिकोडर बसवताना तो संपूर्ण श्रिंक ट्यूबमध्ये (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत) गुंडाळू नये. डिकोडरमधील उष्णता बाहेर पडायला वाट हवी. खाली कॅप्टॉन टेपची एक पट्टी पुरेशी असते. इंजिन थोडा वेळ छान धावून अचानक थांबते, थोड्या विश्रांतीनंतर आपोआप सुरू होते आणि हा क्रम चालूच राहतो, असे लक्षण आले तर डिकोडर तापून स्वतःचे रक्षण करत आहे असे समजावे. तो दोष डिकोडरचा नसतो, कोंडलेल्या हवेचा किंवा घट्ट झालेल्या दातेरी चाकांचा असतो.

ऑरेंज_सिटी, नागपूर

माझ्याकडेही आर्डुइनोचेच कमांड स्टेशन आहे. आवाज असलेले एक इंजिन मुख्य रुळांवर उत्तम चालते, हॉर्न वाजतो, दिवे लागतात. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर मात्र एकही सीव्ही वाचता येत नाही. “डिकोडर आढळला नाही” असाच संदेश येतो. वर दिलेल्या तर्कानुसार मोटरची बाजू गेली म्हणावे, तर इंजिन धावते आहे. मग चूक कोठे आहे?

भुसावळ_शेड

आपल्या प्रश्नाने माझ्या तर्काची मर्यादा दाखवली, ते बरे झाले. वाचन झाले तर मोटरची बाजू जिवंत आहे असे म्हणता येते. वाचन झाले नाही म्हणून ती मेली असे म्हणता येत नाही.

ध्वनीच्या डिकोडरमध्ये, आणि विशेषतः वीज क्षणभर गेली तरी इंजिन चालू ठेवणारा साठा त्यात असेल तर, मोठे कपॅसिटर असतात. वीज मिळताच ते आधी स्वतःला भरून घेतात. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर मानकानेच प्रवाह २५० मिलिअँपिअरच्या आसपास रोखलेला असतो, कारण चुकीच्या जोडणीचे इंजिन तेथे जळू नये हाच त्या ट्रॅकचा हेतू आहे. कपॅसिटर भरण्याच्या या गडबडीत डिकोडरचा ६० मिलिअँपिअरचा “होय” हरवून जातो. काही वेळा याच्या उलट होते: नव्या, अतिशय काटकसरी मोटरी त्या ६ मिलिसेकंदांत तेवढा प्रवाह ओढतच नाहीत आणि कमांड स्टेशनला उत्तर ऐकू येत नाही.

उपाय असा करावा. साठ्याच्या कपॅसिटरची जोडणी सोडवता येत असेल तर ती सोडवून वाचून पाहा. डीसीसी-ईएक्समध्ये उत्तराचा प्रवाह किती असला म्हणजे ते उत्तर मानावे हा उंबरठा बदलता येतो. तो थोडा खाली आणून पाहा. चाके आणि प्रोग्रॅमिंगचा रूळ स्वच्छ पुसून घ्या, कारण धावताना खपून जाणारी धूळ वाचनाच्या वेळी खपत नाही. आणि एवढे करूनही वाचन झाले नाही, तरी लेखन बहुधा होत असते. मुख्य रुळांवर, इंजिनाच्या पत्त्यावर सीव्ही ३ मध्ये मोठा आकडा लिहा. इंजिन सावकाश वेग घेऊ लागले तर डिकोडरने ऐकले असे समजा आणि नंतर जुना आकडा परत लिहा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच्या संदेशात पत्ता नसतो, म्हणून त्या रुळावर जेवढी इंजिने उभी असतील तेवढी सारी तो हुकूम स्वतःचा मानतात. बाजूच्या रुळावरचे इंजिन त्याच वायरीला जोडलेले असेल, तर त्याचाही पत्ता बदलेल.

कोकणकन्या, रत्नागिरी

चर्चा डिकोडरच्या आत बरीच खोल गेली आहे, म्हणून मी रुळांबद्दल लिहिते. आमच्याकडे पावसाळ्यात आणि समुद्राच्या हवेत निम्मे “डिकोडरचे दोष” रुळांवरच सापडतात. डीसीसीचा संदेश हा विजेच्या दिशेच्या झपाट्याने होणाऱ्या बदलांतूनच वाचला जातो: १ या अंकासाठी प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, ० साठी १०० किंवा अधिक. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचा अंक असतो आणि तो जुळला नाही की डिकोडर संपूर्ण संदेश टाकून देतो. त्यामुळे घाणेरड्या रुळावर इंजिन चुकीचा हुकूम सहसा पाळत नाही, ते हुकूम चुकवते; हॉर्न दोनदा दाबावा लागतो, वेग उशिरा बदलतो. आवाजाचे इंजिन असेल तर आवाज तुटून इंजिन सुरू होण्याचा ध्वनी पुन्हा पहिल्यापासून वाजतो. हे लक्षण दिसले की माझा हात मल्टिमीटरकडे जाण्याआधी कापडाकडे जातो.

अडलेल्या इंजिनावर बोटाने हलका दाब द्यावा. त्याने ते चालू लागले, तर चाकांमागच्या तांब्याच्या पट्ट्या चाकांना नीट टेकत नाहीत किंवा चाके मळलेली आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले कापड रुळांवर आडवे टाकून एका बोगीची चाके त्यावर फिरवावीत, दुसरी बोगी वीज घेत राहते. मग बाजू बदलावी.

सोल्डरगन, ठाणे

कोकणकन्या ताई, बारीक पॉलिश पेपरने रूळ घासले तर काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

कोकणकन्या, रत्नागिरी

लवकर होते, पण त्याने पडलेल्या ओरखड्यांमध्ये पुढची घाण अधिक घट्ट बसते आणि मग रूळ वरचेवर घासावे लागतात. जुने, काळवंडलेले पितळी रूळ असतील आणि ते बदलायचेच असतील, तर हवे तेवढे घासा. निकेल सिल्व्हरच्या चांगल्या रुळांना पॉलिश पेपर लावू नये, यावर मी ठाम आहे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे रुळांचे सांधपत्रे. वीज रुळाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात या पत्र्यांवर विसंबून जात असेल, तर दमट हवेत वर्षभरात मांडणीचा दूरचा कोपरा उपाशी राहतो. मांडणीखालून घराच्या वायरिंगसाठी मिळते ती २.५ चौरस मिलिमीटरची वायर जोडीने फिरवा आणि दर मीटरभर अंतरावर बारीक वायरीने तिच्यापासून रुळांना जोडण्या (फीडर) द्या. नंतर ५ रुपयांचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवत सर्वत्र फिरा. प्रत्येक ठिकाणी बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) ताबडतोब वीज तोडली पाहिजे. जेथे तो तोडत नाही तेथे वायरिंगचा रोध जास्त आहे, आणि उद्या तेथे गाडी रुळांवरून उतरली तर शॉर्टचा सारा प्रवाह इंजिनाच्या पट्ट्यांतून आणि बोगीतून वाहत राहील.

लोहमार्गी, पुणे

नाण्याची चाचणी घेतली. सांध्यापलीकडच्या बाजूला बूस्टर वीज तोडतच नव्हता. तेथे दोन फीडर वाढवले, आता तोडतो. सीव्ही २९ मध्ये २ लिहिल्यापासून इंजिन पळत नाही. चाकांची एक जोडी अरुंद निघाली, ती मापकावर बसवून घेतली. मात्र रुळांवरचे व्होल्टेज माझा मीटर एसीवर ११ च्या आसपास दाखवतो आणि पुस्तिकेनुसार ते १४ हवे. काय मानावे?

न्यूजर्सीकर

मीटरचा तो आकडा जसाच्या तसा मानू नका. साधा मीटर ५० हर्ट्झच्या गुळगुळीत लहरीसाठी जुळवलेला असतो आणि डीसीसीची चौकोनी लहर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, त्यामुळे तो कमी किंवा अधिक काहीही दाखवू शकतो. दोन ठिकाणांची तुलना करण्यासाठी तो चालतो. खरा आकडा हवा असेल, तर चार डायोडच्या ब्रिजमधून वीज घेऊन डीसीवर मोजा आणि डायोडमध्ये गेलेले साधारण १.४ व्होल्ट त्यात मिळवा.

लोहमार्गी, पुणे

ब्रिज लावून १३.९ आले. आता शेवटचा प्रश्न. इंजिनावर १६५८७ असा क्रमांक रंगवलेला आहे आणि तोच पत्ता द्यावा अशी इच्छा आहे, पण थ्रॉटल तो घेत नाही.

भुसावळ_शेड

भारतीय रेल्वेचे पाच आकडी क्रमांक येथे पुरे बसत नाहीत. मानकानुसार लांब पत्ता १०२३९ पर्यंतच जातो आणि बरीच थ्रॉटले ९९९९ वर थांबतात. म्हणून शेवटचे चार आकडे घेण्याची रीत आहे; आपला पत्ता ६५८७ होईल. जेएमआरआय हे गणित स्वतः करते, पण हाताने करायचे तर ६५८७ ला २५६ ने भागा: भागाकार २५, बाकी १८७. भागाकारात १९२ मिळवून आलेले २१७ सीव्ही १७ मध्ये आणि १८७ सीव्ही १८ मध्ये लिहा. त्यानंतर सीव्ही २९ मध्ये ३२ मिळवायला विसरू नका, म्हणजे २ चे ३४ होतील. ते राहून गेले तर इंजिन ३ या जुन्याच पत्त्यावर चालत राहते आणि लांब पत्ता लिहिलाच गेला नाही असे वाटते. शेवटचे चार आकडे सारखे असलेले दुसरे इंजिन पुढे घेतलेत, तर दोघांपैकी एकाला वेगळा पत्ता द्यावा लागेल, नाहीतर एकाच थ्रॉटलवर दोन्ही निघतील.